आकर्षण आणि जाहिरातीचे मानसशास्त्र : तरुणांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातील महाविद्यालये, वसतिगृहे आणि अभ्यासिकांमध्ये जाहिरातक्षेत्राविषयी बोलायला गेलो की कार्यक्रम संपल्यावर दोन-चार मुले मागे थांबतात आणि मूळ विषय सोडून हाच विषय काढतात : ज्या शास्त्राच्या जोरावर साबण खपतो, त्याच शास्त्राने मी एखाद्या मुलीला आवडू लागेन का? पुढील प्रश्न त्या गप्पांमधून आणि नंतर आलेल्या संदेशांमधून घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले असून ज्याचे उत्तर अन्यत्र आले आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जाहिरातीचं मानसशास्त्र आणि मी कुणाला आवडणं, यांचा संबंधच काय?

दोन्हीकडे आपली अपेक्षा सारखी असते. अनोळखी व्यक्तीने आपल्याकडे लक्ष द्यावे, आपल्याविषयी बरे मत करून घ्यावे आणि पुन्हा भेटावेसे तिला वाटावे. लक्ष कसे वेधले जाते, पहिले मत कसे बनते, ओळखीचे चेहरे बरे का वाटतात, याचा अभ्यास विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालू आहे आणि त्यातील बराच भाग माणसामाणसांतील आकर्षणालाही लागू पडतो. मात्र मुले ज्याला जाहिरात समजतात ती म्हणजे शेवटची टॅगलाइन. चांगली एजन्सी टॅगलाइन लिहिण्याच्या कितीतरी आधी ग्राहकाच्या घरी जाते, तो ती वस्तू केव्हा काढतो, कुठे ठेवतो, कशाला कंटाळतो हे पाहते आणि मगच कागदाला पेन लावते. आपण शिकायचे ते हे आधीचे काम. प्रत्यक्षात त्याचा अर्थ काय होतो, ते प्रश्न ९ मध्ये सविस्तर दिले आहे.

२. म्हणजे या मुली पटवण्याच्या युक्त्याच झाल्या ना?

नाही, आणि हा फरक नीट समजल्याशिवाय पुढचे काहीही वाचू नये, असे मला मनापासून वाटते. जाहिरातीच्या मानसशास्त्रात दोन वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या जातात : एखाद्याने होकार दिला का, आणि त्याला ती गोष्ट आवडली का. डेनिस रेगन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, प्रयोगकर्त्यांना सामील असलेला एक तरुण समोरच्यासाठी न मागता कोकाकोलाची बाटली घेऊन येई आणि थोड्या वेळाने त्याला सोडतीची तिकिटे विकत घेण्याची विनंती करी. बाटली मिळालेल्यांनी बरीच अधिक तिकिटे घेतली. पण त्यांना तो तरुण आवडला होता की नाही, याचा तिकिटांच्या संख्येशी फारसा संबंध राहिला नव्हता. न आवडणाऱ्या माणसाचेही उपकार फेडले गेले, इतकेच.

दुकानदाराला तिकीट खपल्याशी मतलब असतो, त्यामुळे हा निष्कर्ष त्याच्या उपयोगाचा आहे. तुम्हाला मात्र तिकीट खपवायचे नाही. तुमच्यासोबत कॉफी प्यायला आलेल्या मुलीने मनातल्या मनात घड्याळ पाहू नये, अशी तुमची इच्छा आहे. दबावाच्या बहुतेक युक्त्या होकार मिळवून देतात आणि आवड तशीच, कधी कधी पूर्वीपेक्षा कमी, ठेवतात. पुढील उत्तरांत ही कसोटी पुन्हा पुन्हा लावली आहे.

३. ती आणि मी एकाच अभ्यासिकेत बसतो. रोज नजरेसमोर राहिलं की आवड निर्माण होते म्हणतात, खरं का?

बऱ्याच अंशी खरे आहे, पण अटींसह. रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की अर्थ न कळणारी चिन्हे आणि अनोळखी चेहरे वारंवार पाहिल्यानेसुद्धा ते अधिक बरे वाटू लागतात. चौकाचौकातील होर्डिंगे याच तत्त्वावर उभी असतात. तुमच्या परिस्थितीच्या अगदी जवळचा प्रयोग मोरलँड आणि बीच यांचा, १९९२ सालचा. सारख्याच दिसणाऱ्या चार तरुणी एका वर्गात सत्रभर वेगवेगळ्या संख्येने येऊन बसल्या : एक कधीच आली नाही, बाकीच्या अनुक्रमे पाच, दहा आणि पंधरा वेळा आल्या. त्या कुणाशीही बोलल्या नाहीत. सत्राच्या शेवटी छायाचित्रे दाखवल्यावर, जी अधिक वेळा आली होती ती विद्यार्थ्यांना अधिक आकर्षक वाटली.

आता अटी. पहिले मत तटस्थ किंवा चांगले असेल तरच हे घडते. पहिल्याच दिवशी तुम्ही अभ्यासिकेत फोनवर मोठ्याने बोलून सगळ्यांना त्रास दिला असेल, तर रोजचे दर्शन तो राग पक्का करते. दुसरे असे की प्रयोगातील तरुणी वर्गात येऊन आपल्या जागी बसत होत्या, त्या कुणाच्या मागे जात नव्हत्या. तिची बसण्याची वेळ हेरून आपली वेळ बदलणे, ती चहाला उठली की लगेच उठणे, परत जाताना तिच्या स्कूटीच्या मागे गाडी काढणे हे तिला पहिल्या आठवड्यातच कळते, आणि त्यानंतर तिला तुम्ही ओळखीचे वाटत नाही, तुमची भीती वाटते. आपल्या वेळेला यावे, आपला अभ्यास करावा, नजरानजर झाली तर साधी मान हलवावी आणि काही दिवसांनी पेपरविषयी किंवा पुस्तकाविषयी एखादा खरा प्रश्न विचारावा. ओळख एवढ्यावर होते.

४. मी दिसायला साधा आहे, रंगही सावळा आहे. मग पहिल्या फेरीतच बाद ना?

खोटा धीर देणार नाही. पहिल्या भेटीत रूपाचा परिणाम मोठा असतो. मिनेसोटा विद्यापीठात १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साडेसातशेच्या आसपास नवविद्यार्थ्यांना संगणकाने जोडीदार निवडला असल्याचे सांगून नृत्याच्या कार्यक्रमाला पाठवले होते, प्रत्यक्षात जोड्या स्वैर लावल्या होत्या. जोडीदार किती आवडला हे गुण, बुद्धी किंवा स्वभाव यांपेक्षा त्याच्या रूपावरच ठरले. देखण्या माणसाला आपण न कळत हुशार आणि भलाही समजतो, हे डायन, बर्शाइड आणि वॉल्स्टर यांनी १९७२ मध्ये दाखवले. चांगल्या छापलेल्या वेष्टनातील बिस्किटे अधिक चविष्ट वाटावीत, तसेच हे.

पण तो कार्यक्रम एका संध्याकाळपुरता होता. २०१५ च्या एका अभ्यासात हंट, ईस्टविक आणि फिंकेल यांनी १६७ जोडप्यांकडे पाहिले. जी जोडपी ओळख होताच लगेच एकत्र आली होती, त्यांच्यात दोघांचे रूप बरेचसे सारख्या तोडीचे होते. जी आधी दीर्घकाळ परिचित होती, त्यांच्यात ही बरोबरी फार कमी आढळली. म्हणून साध्या दिसणाऱ्या मुलाने फोटो पाहून क्षणात निकाल लावणाऱ्या ॲपवर सगळा भरवसा टाकण्यापेक्षा जेथे माणसे महिनोन्महिने एकमेकांना पाहतात तेथे जावे : ट्रेकिंगचा गट, नाट्यसंस्था, वाचनकट्टा, गणेश मंडळाचे काम, रक्तदान शिबिराची तयारी.

रंगाविषयी एकच सांगतो. भारतात १९७५ पासून गोरेपणाच्या क्रीमने हा न्यूनगंड विकला आणि २०२० मध्ये त्याच क्रीमला नावातून गोरेपणाचा शब्द काढावा लागला. त्यावर खर्च करायचे पैसे नीट मापाचा शर्ट, बरा न्हावी आणि दातांचा डॉक्टर यांवर खर्च करावेत. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये जवळ एक स्वच्छ रुमाल आणि दुपारनंतर बदलायला दुसरा शर्ट असणे, याचा उपयोग कोणत्याही क्रीमपेक्षा अधिक होतो.

५. ॲपवर प्रोफाइल आहे, पण कुणी उत्तर देत नाही. काय लिहू?

रॉसर रीव्हज या अमेरिकी जाहिरातकाराने १९४० च्या दशकात मांडलेला नियम येथे नेमका लागू पडतो : दुसरा कुणीही करत नाही असा एकच, ठोस दावा करा. नागपूरशी जुने नाते असलेल्या विकोने आपल्या हळदीच्या क्रीमविषयी ते सौंदर्यप्रसाधन नाही असे ठासून सांगितले आणि ते एवढे एक वाक्य घरोघरी पोहोचले.

आता बहुतेकांच्या प्रोफाइलवरील मजकूर पाहा : ‘फिरायला आवडतं, संगीत आवडतं, साधा आणि प्रामाणिक मुलगा.’ यातील प्रत्येक शब्द शहरातील इतर हजारो मुलांना लागू होतो, त्यामुळे वाचणारीच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘हिवाळ्यात रविवारी सकाळी अंबाझरीला पक्षी बघायला जातो. खंड्या ओळखता येतो, बाकीचे अजून शिकतोय. परतताना तर्री-पोहे ठरलेले.’ यात एक जागा आहे, एक वेळ आहे, एक खरी आवड आहे, आणि मुख्य म्हणजे समोरच्या मुलीला विचारता येईल असा प्रश्न आहे. पक्षी बघायला जातच नसाल तर हे लिहू नये. तुम्ही खरोखर जे करता तेच एवढ्या तपशिलाने लिहावे. फोटोही मित्राच्या गाडीला टेकून काढलेला नको. काम करताना किंवा हसताना कुणीतरी काढलेला असावा.

६. स्वतःच्या उणिवा सांगाव्या की झाकून ठेवाव्या?

एखादी किरकोळ उणीव सहज दिसली तर बिघडत नाही, उलट फायदा होतो, पण कुणाला होतो ते पाहावे लागते. एलियट ॲरन्सन आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये विद्यार्थ्यांना एका प्रश्नमंजूषेची ध्वनिफीत ऐकवली. जवळपास सगळी उत्तरे बरोबर देणाऱ्या उमेदवाराच्या हातून अंगावर कॉफी सांडली तेव्हा तो ऐकणाऱ्यांना अधिक आवडला. ज्याची बहुतेक उत्तरे चुकली होती, त्याच्या हातून कॉफी सांडली तेव्हा तो आणखी कमी आवडला. जाहिरातीतही हेच दिसते. १९५९ मध्ये फोक्सवॅगनने जवळपास कोऱ्या पानावर आपली इवलीशी गाडी छापून ती आकाराने लहान असल्याचे स्वतःच मान्य केले, ते चालले, कारण गाडी खरोखर टिकाऊ होती.

तेव्हा आधी कशात तरी बरे व्हावे. आणि पहिल्याच भेटीत जुन्या प्रेमभंगाची, कर्जाची आणि घरातल्या भांडणांची यादी वाचणे हा प्रामाणिकपणा नसतो. समोरच्या व्यक्तीवर ते ओझे होते. लग्नाच्या बोलणीतील गोष्ट वेगळी आहे, त्यासाठी प्रश्न १२ पाहावा.

७. मित्र म्हणतात भाव खा, मेसेजला चार तासांनी उत्तर दे. उपयोग होतो का?

या सल्ल्यामागे टंचाईचे तत्त्व आहे. १९७५ मध्ये वर्चेल आणि सहकाऱ्यांनी बरणीतील बिस्किटे चाखायला दिली. दहा बिस्किटांच्या बरणीपेक्षा दोन बिस्किटांच्या बरणीतले बिस्कीट लोकांना अधिक हवेहवेसे आणि अधिक किमती वाटले, पण चवीला अधिक चांगले वाटले नाही. प्रश्न २ मधील फरक येथेही समोर येतो : ओढ वाढली, आवड वाढली नाही.

भाव खाण्याचा थेट अभ्यासही झालेला आहे. इलेन वॉल्स्टर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये अनेक प्रयोग केले आणि जो सर्वांशीच तुटक वागतो तो आवडतो, हे गृहीत त्यांना सिद्ध करता आले नाही. पसंती मिळाली ती अशा व्यक्तीला, जी इतरांच्या बाबतीत चोखंदळ असते पण आपल्या बाबतीत उत्सुक असते. तेव्हा ब्लू टिक देऊन मुद्दाम गप्प बसू नये. कामात असाल तर ‘आता मीटिंगमध्ये आहे, रात्री बोलू’ असे लिहावे आणि रात्री खरोखर बोलावे.

८. महागडं गिफ्ट दिलं तर?

प्रश्न २ मधील कोकाकोलाच्या बाटलीचे उत्तर येथेही लागू आहे : भेटवस्तूचे उपकार फेडावेसे वाटतात, त्याने आवड वाढत नाही. पहिल्या काही भेटींत बिल अर्धे-अर्धे किंवा आळीपाळीने द्यावे आणि तिने तसे सुचवल्यास हट्ट करू नये.

९. ती भेटायला तयार झाली आहे. कुठे नेऊ, काय बोलू?

सर्वाधिक संदेश याच प्रश्नाचे येतात आणि माझ्या मते जाहिरातीच्या शिस्तीचा खरा उपयोगही येथेच होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी तिच्या बाजूने विचार करावा, अगदी तपशिलात. ती वसतिगृहात राहत असेल तर दार किती वाजता बंद होते? घरी राहत असेल तर घरी काय सांगून येणार आहे? फुटाळा तलावावर संध्याकाळी अर्धे शहर असते, तेथे तिची मावशी किंवा शेजारी भेटण्याची शक्यता तुम्हाला मजेदार वाटली तरी तिच्यासाठी तो काळजीचा विषय असू शकतो. सेमिनरी हिल्सवरील एखादा शांत रस्ता तुम्हाला निवांत वाटतो, आणि अनोळखी मुलासोबत तेथे जायला तिला भीती वाटते. मे महिन्यात चार वाजता तोंडाला स्टोल गुंडाळून स्कूटीवर आलेल्या मुलीला आल्याबरोबर गार पाणी आणि पंखा हवा असतो, गप्पा नंतर. म्हणून धरमपेठेतील किंवा लक्ष्मीनगरातील वर्दळीचा, आत स्वच्छ प्रसाधनगृह असलेला, मेट्रो स्थानकापासून किंवा पार्किंगपासून जवळचा कॅफे सुचवावा, दोन पर्याय द्यावेत आणि निवड तिला करू द्यावी. वेळ तासाभराचीच ठरवावी. एवढा विचार करणारा मुलगा तिच्या लक्षात राहतो.

बोलण्याविषयी हार्वर्डमधील कॅरन ह्वांग आणि सहकाऱ्यांचे २०१७ चे संशोधन अतिशय उपयोगी आहे. त्यांनी झटपट भेटींच्या (स्पीड डेटिंग, म्हणजे एकामागून एक अनेकांशी काही मिनिटे बोलण्याच्या) कार्यक्रमांतील संभाषणे तपासली आणि असे आढळले की जे आधीच्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारतात त्यांना पुन्हा भेटण्यास होकार अधिक मिळतो. ती म्हणाली, ‘मी फार्मसी करतेय,’ आणि तुम्ही म्हणालात, ‘अच्छा, मी इंजिनिअरिंग,’ तर संभाषण तेथेच संपले. ‘फार्मसीच का घेतली?’ हा पुढचा प्रश्न. ती म्हणाली, ‘बाबांचं मेडिकल स्टोअर आहे इतवारीत,’ की, ‘मग लहानपणी दुकानात बसायचीस का?’ हा त्याच्या पुढचा. येथून तिला सांगण्यासारखे काहीतरी सापडते. मात्र प्रश्नांची सरबत्ती करू नये, मध्ये मध्ये आपलेही काही सांगावे.

आणि भेट रेंगाळत संपवू नये. एखादा अनुभव आपण त्याच्या सर्वांत ठळक क्षणावरून आणि शेवटावरून आठवतो, हे डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले आहे. गप्पा रंगलेल्या असतानाच निघावे.

१०. ती माझ्याशी हसून बोलते. म्हणजे तिच्या मनात आहे ना?

एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. अँटोनिया ॲबी यांनी १९८२ मध्ये अनोळखी स्त्री-पुरुषांना पाच मिनिटे बोलायला सांगितले आणि दुसऱ्या जोडीला ते पाहायला बसवले. स्त्रीच्या साध्या मोकळेपणात पुरुषांना स्त्रियांपेक्षा अधिक लैंगिक रस दिसला. ही चूक सवयीची आहे, म्हणून अंदाज बांधत बसण्याऐवजी विचारावे : ‘शनिवारी कॉफीला येशील का?’ ती दुसरी वेळ सुचवते का, हे पाहावे. ‘बघू’, ‘सांगते नंतर’ आणि त्यानंतर शांतता, हा नकार आहे.

११. ती नाही म्हणाली. पण जाहिरात तर एकदा बघून कुणी विकत घेत नाही, पुन्हा पुन्हा दाखवावीच लागते ना?

हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि तो मुळातच चुकीचा आहे. जाहिरात पुन्हा दाखवतात ती ज्यांनी अजून काही ठरवलेले नाही त्यांना. ज्याने ठरवून नकार दिला आहे, त्याच्यावर आग्रह वाढवला की काय होते, ते जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये मांडले : आपले स्वातंत्र्य हिरावले जात आहे असे वाटले की माणूस ते परत मिळवण्यासाठी नेमका उलट वागतो. नकारानंतरचा प्रत्येक मेसेज तिला तुमच्यापासून आणखी दूर नेतो. चित्रपटांतून नायक मागे लागतो आणि नायिका शेवटी हो म्हणते, म्हणून मुलांना हे पटत नाही, पण त्या नायिकेचा होकार पटकथाकाराने लिहिलेला असतो.

शिवाय हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने अनास्था स्पष्टपणे दाखवल्यानंतरही वारंवार तिचा पाठलाग करणे, संपर्क साधणे किंवा साधण्याचा प्रयत्न करणे, तसेच इंटरनेटवरील तिच्या वावरावर पाळत ठेवणे यासाठी पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. मैत्रिणीच्या फोनवरून मेसेज पाठवणे, दुसरे खाते उघडून विनंती पाठवणे हाही संपर्कच आहे. ‘ठीक आहे, स्पष्ट सांगितलंस, धन्यवाद’ असे लिहावे आणि थांबावे. एकाच अभ्यासिकेत बसत असाल तर जागा बदलण्याचे काम तुमचे, तिचे नाही.

१२. आमच्याकडे डेटिंग वगैरे नाही, थेट मुलगी पाहायला जायचं असतं. मग यातलं काय कामाचं?

बरेच काही, पण क्रम बदलतो. येथे बायोडाटा ही जाहिरात असते आणि ती दोन पिढ्या वाचतात : पालक नोकरी, घर, शेती, नातेवाईक पाहतात, मुलगी स्वभाव शोधते आणि तिच्यासाठी त्या कागदावर सहसा एकही ओळ नसते. प्रश्न ५ मधील पद्धतीने दोन ओळी तिच्यासाठी लिहाव्यात.

दावा मात्र खराच असावा. वार्षिक पॅकेज फुगवून लिहिणे, कंत्राटी नोकरी कायमची म्हणून सांगणे, भावाच्या वाट्याची शेती आपल्या नावे दाखवणे हे आपल्याकडे सर्रास चालते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला आळा घालण्यासाठी १९८५ पासून भारतीय जाहिरात मानक परिषद आहे, सोयरिकीत तसे कुणी नसते आणि फसलेल्या मुलीला वस्तू परत करण्याची सोय नसते. हातात येणारा पगार, कर्ज, आजार, आधीचा साखरपुडा मोडला असल्यास ते, आणि लग्नानंतर तिच्या नोकरीविषयी घरचे खरोखर काय म्हणतात, हे होकार येण्याआधी सांगावे. पोह्यांच्या कार्यक्रमातील दहा मिनिटांनी कुणाचे काही कळत नाही, म्हणून वडीलधाऱ्यांना सांगून बाहेर एक-दोन भेटी मागाव्यात. त्या भेटींना प्रश्न ९ लागू आहे. घरच्यांच्या दबावाखाली ती ‘हो’ म्हणत आहे अशी शंका आली, तर तिला एकटीला विचारावे आणि नकाराची जबाबदारी स्वतःवर घ्यावी.

१३. थरारक ठिकाणी नेलं, बाइक जोरात पळवली, तर आकर्षण वाढतं का?

डटन आणि ॲरन यांच्या १९७४ मधील झुलत्या पुलाच्या प्रयोगावरून हा समज पसरला. कॅनडातील उंच, हलणाऱ्या पुलावर भेटलेल्या तरुणीला नंतर फोन करणारे पुरुष, स्थिर पुलावरच्या पुरुषांपेक्षा अधिक निघाले. पण १९८१ मध्ये व्हाइट आणि सहकाऱ्यांनी दाखवले की शारीरिक उत्तेजनेमुळे आकर्षक व्यक्ती अधिक आवडते आणि अनाकर्षक व्यक्ती अधिक नावडते. मागे बसलेली मुलगी वेगाला घाबरली असेल तर ती भीती तुमच्याच नावावर जमा होते. गाडी सावकाश चालवावी आणि दुसरे हेल्मेट बाळगावे.

१४. मिहानमध्ये नोकरी करतो. माझ्याच टीममधली ज्युनिअर आवडते. विचारू का?

तिचे मूल्यमापन, सुट्टी किंवा प्रकल्प तुमच्या हातात असेल तर विचारू नये. तिचा होकार हा खरा होकार आहे की नाही, हे तुम्हालाही कधी कळणार नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती असणे बंधनकारक करतो. दोघे समान पदावर आणि वेगळ्या टीममध्ये असाल, तर एकदा, कार्यालयाबाहेर, साध्या शब्दांत विचारायला हरकत नाही. पुढचे प्रश्न ११ प्रमाणे.

१५. एका डेटिंग कोचचा ऑनलाइन कोर्स आहे, आज रात्री बारापर्यंत सवलत. घेऊ का?

रात्री बाराची मुदत उद्या पुन्हा दिसते का, ते पाहा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी संकेतस्थळे आणि ॲपवर ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या तेरा प्रकारच्या फसव्या रचनांवर (डार्क पॅटर्न) मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत खोटी घाई निर्माण करणे, नकार देणाऱ्याला लाज वाटेल असे शब्द वापरणे आणि सतत त्रास देणे हे तिन्ही प्रकार आहेत. असे अनेक कोर्स हे तिन्ही प्रकार तुमच्यावर वापरतात आणि नंतर तेच मुलींवर वापरायला शिकवतात. मुलगी मिळवून देण्याचे आमिष दाखवण्याचा हा रस्ता डिओडरंट उद्योगाने फार पूर्वीच धरला होता आणि जून २०२२ मध्ये स्त्रियांच्या भीतीवर विनोद करणाऱ्या एका डिओडरंटच्या जाहिराती माहिती व प्रसारण मंत्रालयाला काढायला लावाव्या लागल्या. तेवढ्या पैशांत वर्षभर नाटके पाहता येतील, आणि तेथे माणसेही भेटतात.

१६. सगळं नीट केलं, तरी जमत नाही. कुठे चुकतोय?

कदाचित कुठेच नाही. जोएल, ईस्टविक आणि फिंकेल यांनी २०१७ मध्ये झटपट भेटींना आलेल्या लोकांकडून भेटीआधी शंभराहून अधिक गुण-आवडींची माहिती भरून घेतली आणि ती संगणकाला दिली. कोण साधारणपणे लोकांना आवडेल याचा थोडाफार अंदाज संगणकाला आला, पण नेमके कोणाला नेमके कोण आवडेल हे त्याला अजिबात सांगता आले नाही. मात्र सगळ्याच भेटी पहिल्या तासातच संपत असतील, तर एखाद्या बहिणीला किंवा विश्वासू मैत्रिणीला आपले बोलणे ऐकायला सांगावे आणि ती जे सांगेल त्यावर वाद घालू नये.

१७. लग्नाला आठ वर्षं झाली. आता हे लागू होतं का?

होते, आणि हा प्रश्न विचारणारे फार थोडे आहेत याचे वाईट वाटते. जुना ग्राहक गृहीत धरला की तो हळूहळू दुसरीकडे वळतो, हे प्रत्येक कंपनीला ठाऊक असते. आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले की जोडप्यांनी एकत्र काही नवे आणि उत्साहाचे केले, तर नात्याविषयीचे समाधान वाढते, नेहमीच्याच सुखद गोष्टींनी तेवढे वाढत नाही. म्हणून दर रविवारी त्याच हॉटेलात जेवायला जाण्याऐवजी दोघांनाही न येणारे काही निवडावे, उदाहरणार्थ पोहणे किंवा तबला, आणि वर्गाची फी दोघांची एकदमच भरावी. प्रश्न ९ मधील पुढचा प्रश्न विचारण्याची सवय घरीही चालू ठेवावी. तिच्या कार्यालयातील ज्या सहकाऱ्याचे नाव ती गेला महिनाभर घेत आहे, त्याच्याशी नेमके काय बिनसले आहे, हे आज जेवताना विचारावे.